पदवी ओळखली, माणूस ओळखला नाही : परदेशी पदव्यांच्या मान्यतेचा आपला इतिहास

दरवर्षी १४ एप्रिलच्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी येते. कधी त्यात ३२ पदव्या असतात, कधी २६. एखाद्या वर्षी बाबासाहेबांनी जो विषय कधी परीक्षेला घेतलाच नाही त्याचीही पदवी त्यात घुसलेली असते. खाली निळा झेंडा आणि 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. मी पुढे पाठवत नाही, म्हणून वस्तीतले दोन-तीन दादा माझ्यावर नाराज आहेत. त्यांना वाटते, समाजशास्त्रात एमए केल्यापासून ही जरा जास्तच शहाणी झाली आहे.

नाराजी कबूल. पण खऱ्या पदव्या मोजा ना. मुंबई विद्यापीठाची बीए १९१२ ची, कोलंबियाची एमए १९१५ ची, कोलंबियाचीच पीएचडी, लंडनची एमएससी १९२१ ची, लंडनचीच डीएससी १९२३ ची आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी १९२२ ची. पुढे दोन सन्मानाच्या : कोलंबियाची एलएलडी १९५२ साली, उस्मानियाची डी.लिट. १९५३ साली. एवढ्यावर कोणाचे डोके फिरत नसेल तर ३२ चा आकडा दाखवूनही फिरणार नाही.

वर मी कोलंबियाच्या पीएचडीपुढे वर्ष लिहिले नाही, ते मुद्दाम. काही पुस्तकांत १९१६ सापडते, काहींत १९२७. दोन्ही बरोबर आहेत. मधली ११ वर्षे कुठे गेली, हे यादीत कोणी लिहीत नाही, आणि मला सांगायचे आहे ते त्या ११ वर्षांतच आहे. एका विद्यापीठाने दिलेली पदवी दुसऱ्या देशाने मानायची की नाही, हा आज मोठा सरकारी विषय झाला आहे. करार होतात, नियमावल्या निघतात. ही गोष्ट कोऱ्या कागदावर सुरू झालेली नाही. आपल्याकडे तिला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त हिशेब चुकता केला आहे तो आपल्याच माणसाने.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे. लंडन विद्यापीठाच्या साच्यावर बेतलेले. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. साम्राज्यात असल्यामुळे मुंबईची बीए बाहेर कुठे दाखवली तर ती काय आहे हे समोरच्याला कळत असे. तरुण भीमराव १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला उतरले ते हीच बीए घेऊन. एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी आणि फारसी घेऊन केलेली. फारसी का, हे वाचकांना सांगायला नको. संस्कृत शिकवायला शाळेत नकार मिळाला होता. कोलंबियाने ती बीए पाहिली आणि पदव्युत्तर वर्गात घेतले. एल्फिन्स्टनच्या पोराला संस्कृत का येत नाही, हे तिथे कोणी विचारण्याचे कारणच नव्हते.

कोलंबियात त्यांनी ६० अभ्यासक्रम घेतले : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच-जर्मनचा एकेक. समाजशास्त्राच्या त्या सहांकडे मी जरा जास्त प्रेमाने बघते, तेवढे चालवून घ्या. ९ मे १९१६ ला डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. महिनाभरात पीएचडीचा प्रबंधही स्वीकारला गेला. म्हणजे विद्वत्तेच्या बाजूने काम संपले होते.

पण कोलंबियाचा एक नियम होता. प्रबंध मंजूर झाला तरी पदवी हातात पडायची ती तो छापून, ठराविक प्रती विद्यापीठात जमा केल्यावर. नियम सगळ्यांना सारखा. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याच्या मुलालाही तोच आणि महार सुभेदाराच्या मुलालाही तोच. आता सांगा, छपाईचा खर्च कोण देणार? बडोद्याची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड, त्यातून घरीही पैसे पाठवायचे. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. सामान वेगळ्या जहाजाने पाठवले होते. महायुद्ध चालू होते, ते जहाज बुडाले, आणि जमवलेली पुस्तके त्याच्याबरोबर गेली.

प्रबंध छापून निघाला १९२५ साली, लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशनाकडून, प्राध्यापक सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा हा ग्रंथ त्यांनी महाराज सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला. पदवी रीतसर मिळाली ती ८ जून १९२७ ला. त्याच्या तीन महिने आधी महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता. म्हणजे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा कोलंबियाच्या दप्तरात हा माणूस अजून पीएचडी नव्हता.

आणखी एक गंमत. लंडनची डीएससी १९२३ ची. म्हणजे नंतर कमावलेली डॉक्टरेट आधी हातात आली आणि आधी कमावलेली नंतर. नियम बरोबर होता की चूक, यावर मी भांडत नाही. त्या काळी संशोधन जगापुढे यायचे तर छापलेले असावे, यात अर्थ होता. मी एवढेच म्हणते की ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला हा नियम नियम वाटतच नाही. ज्याच्याकडे नाहीत त्याला तो ११ वर्षे लांबवतो.

लंडनचा अनुभव वेगळा आहे, आणि तो मला फार आवडतो. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, नोव्हेंबरमध्ये ग्रेज इनमध्ये. १९१७ ला परत यावे लागले तेव्हा लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची मुभा दिली. ही मुभा मिळाली नसती तर पुढचे काहीच नव्हते. १९२० मध्ये ते परत गेले. सिडनहॅमच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांनी केलेली मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर. सेलिग्मन यांनी न्यूयॉर्कहून लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले. फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिवांना कळवले ते असे की या गृहस्थाने डॉक्टरेट आधीच घेतलेली आहे, आता इथे त्याला जिंकायला काही उरलेले नाही.

१९२० सालचे पत्र आहे हे. कोलंबियाने कागद दिला १९२७ मध्ये. तरी लंडनचा प्राध्यापक त्यांना डॉक्टर समजून चालला होता, कारण सेलिग्मन यांच्या शब्दावर त्याचा विश्वास होता. आज ज्याला मान्यता, समकक्षता वगैरे म्हणतात तिचे मूळ हे आहे : एका विद्यापीठातल्या माणसाने दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाला सांगणे की हा मुलगा शिकलेला आहे, मी पाहिले आहे. शिक्के नंतर आले.

त्याच सुमारास बाबासाहेबांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही प्रवेश घेतला होता. जर्मन भाषा कोलंबियात शिकले होतेच. तिथे मात्र तासांना बसणे झाले नाही. डीएससीचा प्रबंधही पहिल्या फेरीत अडला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितले. पैसे संपले होते, म्हणून १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, इथे बसून दुरुस्त केला, परत पाठवला आणि मग तो मान्य झाला. वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते, तेव्हा पुन्हा भथेनाच धावून आले.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. परदेशातली पदवी घेऊन माणूस घरी आला, तर घरी काय झाले?

१९१३ च्या करारात लिहिले होते की शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले. नेमणूक मोठी, महाराजांचे लष्करी सचिव म्हणून. कागदावर कोलंबियाची पदवी पूर्ण मान्य, त्यात शंकाच नव्हती. पण कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत होता. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, ते उघड झाले तेव्हा काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि त्या लिखाणाचे शीर्षक आहे 'वेटिंग फॉर ए व्हिसा'. अमेरिकेत, इंग्लंडात जाऊन आलेल्या माणसाने हे शीर्षक दिले. व्हिसा लागला तो बडोद्यात.

सिडनहॅम कॉलेजात १९१८ मध्ये राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही पदवीबद्दल हरकत नव्हती. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याबद्दल सहकाऱ्यांची हरकत होती.

इथे मला दुसऱ्या एका माणसाची आठवण काढायची आहे. बौद्धांच्या घरांत ज्यांची पुस्तके आदराने ठेवलेली असतात ते धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, १८७६ चा जन्म. त्यांच्याकडे विद्यापीठाची एकही पदवी नव्हती. घर सोडले, पुणे, काशी, नेपाळ, बोधगया करत सिलोनला पोचले, कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पाली शिकले, ब्रह्मदेशात गेले. विद्यार्थी देशोदेशी जाऊन शिकण्याची ही आपल्या भूमीतली फार जुनी रीत आहे. चीनमधून आलेल्या युआन श्वांगला नालंदेत शीलभद्रांकडे शिकायला मिळाले ते कुठल्या गुणपत्रिकेवर नाही. नालंदेच्या दाराशी प्रश्न विचारले जात आणि ज्याला उत्तरे येत तो आत जाई. कोसंबी त्या वाटेचे शेवटचे मोठे प्रवासी म्हणायला हरकत नाही.

पदवी नसलेल्या या माणसाला कलकत्ता विद्यापीठाने पाली शिकवायला घेतले. सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये लावून दिले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचे आणि ग्रंथ लिहायचा. १९१० मध्ये हार्वर्डने त्यांना 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावून घेतले. तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून खटका उडाला, तेव्हा १९१२ मध्ये ते परत आले आणि फर्ग्युसनमध्ये पालीचे प्राध्यापक झाले. पुढे पुन्हा तीन वेळा हार्वर्डला जाऊन आले, लेनिनग्राडलाही गेले. ते संपादन छापून आले त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये.

दोघांचे आश्रयदाते एकच, काळ एकच. १९१२ मध्ये कोसंबी अमेरिकेहून परतले आणि १९१३ मध्ये भीमराव अमेरिकेला निघाले. बीए करताना याच महाराजांकडून भीमरावांना महिना २५ रुपये मिळत होते. एकाकडे पदवी नाही पण त्याचे ज्ञान इथेही मानले गेले आणि तिथेही. दुसऱ्याकडे जगातल्या उत्तम विद्यापीठांच्या पदव्या, त्या तिथे मानल्या गेल्या आणि इथे कागदापुरत्या.

कोसंबींना कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. भूक, थंडी, पायपीट, सगळे त्यांनी सोसले आणि आपल्याला बुद्ध मराठीत दिला. पण गौड सारस्वत ब्राह्मणाला जागा भाड्याने मिळवण्यासाठी दुसऱ्या धर्माचे नाव सांगावे लागले नाही. समाजशास्त्राच्या वर्गात सामाजिक भांडवलाची व्याख्या मी दहा वेळा लिहिली असेल. ती खरी कळली ती या दोन आयुष्यांवरून.

या दोघांच्याच काळात पदव्यांची मान्यता हे संस्थांचे आणि सरकारांचे काम होऊ लागले. १९२५ मध्ये हिंदुस्थानातल्या विद्यापीठांनी मिळून आंतरविद्यापीठ मंडळ काढले. आज ज्याला भारतीय विद्यापीठ संघ म्हणतात तेच हे. एकमेकांच्या पदव्या मानणे, भारतीय पदव्यांना परदेशात मान्यता मिळवणे, प्राध्यापकांची देवघेव, ही त्याची कामे. कारणही होते. इंग्लंडची जनरल मेडिकल कौन्सिल भारतातल्या वैद्यकीय पदव्यांवर, विशेषतः बाळंतपणाच्या प्रशिक्षणावर, आक्षेप घेऊ लागली होती. १९३० साली तिने या पदव्यांची मान्यताच काढली. मुंबई-कलकत्त्याचे डॉक्टर एका रात्रीत तिथे बिनकामाचे ठरले. देशभर संताप झाला आणि त्यातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला. तपासायचे तर आम्हीच आमचे तपासू, ही भूमिका. पुढे मान्यता पुन्हा मिळाली, आणि १९७५ मध्ये इंग्लंडने ती पुन्हा काढली. काही वर्षांत आपणही त्यांच्या पदव्यांबाबत तेच केले. तू माझी मानत नाहीस तर मी तुझी मानत नाही. यात गुणवत्ता किती आणि मानापमान किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९३० चा संताप योग्यच होता. शिकलेल्या माणसाला परक्याने अशिक्षित ठरवले तर राग आलाच पाहिजे. माझा प्रश्न एवढाच आहे की तोच राग सिडनहॅमच्या पाण्याच्या भांड्यापाशी का आला नाही? लंडनने मुंबईची पदवी नाकारली तर तो राष्ट्राचा अपमान. आणि मुंबईने न्यूयॉर्कची पदवी घेतली पण ती धारण करणाऱ्याचा हात नाकारला, तर ती 'रूढी'?

बाबासाहेबांनी या प्रश्नावर भाषण करून थांबवले नाही. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर काही महिन्यांतच, २९ ऑक्टोबरला, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख रुपये मागितले आणि परदेशात शिकण्यासाठी वेगळे एक लाख. महायुद्ध चालू, साम्राज्याचे पैसे दारूगोळ्यात जात होते, आणि हा माणूस सांगत होता की आमची मुले इंग्लंड-अमेरिकेला पाठवा. वकील, कारकून होणे पुरेसे नाही, वरच्या शिक्षणाशिवाय सत्तेच्या जागी पोचता येत नाही, हा त्यामागचा विचार होता. सरकारने पुढे शिष्यवृत्त्यांसाठी पैसे मंजूर केले. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली ती याच वाटेवर. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. नाव योग्य माणसाचे आहे. १९२० साली लंडनला जाणाऱ्याला त्यांनी मदत केली होती.

आता अलीकडे या. २१ जुलै २०२२ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला. इंग्लंडातली एमए एका वर्षाची, आपली दोन वर्षांची. इतकी वर्षे या एका वर्षावरून आपल्या मुलांना खिडकीखिडकीवर उत्तरे द्यावी लागत. कराराने ते एका वर्षाचे एमए मान्य केले. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला हे व्यावसायिक अभ्यासक्रम मात्र बाहेर ठेवले. २०२५ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेची नवी नियमावली काढली आणि हे काम स्वतःकडे घेतले. चांगले झाले. मी याला विरोध करणार नाही. कागद सोपे झाले तर आपल्याच पोरांचे भले आहे.

पण त्याच २०२२ सालची दुसरी गोष्ट या कराराच्या बातमीखाली झाकून गेली. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, हे विषय शिष्यवृत्तीतून वगळले. युक्तिवाद असा की भारताचा अभ्यास करायला परदेशात कशाला जायचे, तो इथे उत्तम होतो.

हा नियम १९१३ ला लावून बघा. एमएचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवहारावर : भारताचा इतिहास, बाद. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रातला जातींवरचा निबंध : भारतावरचा सामाजिक अभ्यास, बाद. पीएचडीच्या प्रबंधात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वित्तव्यवस्थेचा इतिहास, त्याचेही कठीणच. 'तुम्ही फ्रेंच आणि जर्मनचे दोन अभ्यासक्रम करून या' एवढेच उरते. जात ही काय चीज आहे हे त्यांना न्यूयॉर्कमध्ये बसून मांडता आले, कारण तिथे जातीच्या बाहेर उभे राहून बोलता येत होते. हे शहाणपण नियम करणाऱ्यांना नसेल असे मी मानत नाही. त्यांना ते चांगलेच माहीत असावे.

दोन सीमा आहेत, एक देशाची आणि एक जातीची. देशाची सीमा सोपी होत चालली आहे, तिच्यासाठी करार आहेत. दुसऱ्या सीमेवर बोलायला पहिली सीमा ओलांडून जायचे म्हटले, की तुमचा अर्जच मोजला जात नाही.

मी हे पुस्तके वाचून लिहीत नाही फक्त. गेली सहा-सात वर्षे आमच्या विहारात रविवारी मी मुलांचे परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेते. यवतमाळकडचा एक मुलगा इंग्लंडातून एमए करून आला. एका भरतीच्या मुलाखतीत त्याला विचारले गेले, "वर्षभराचीच का? समकक्षता प्रमाणपत्र कुठंय?" करारानंतरची गोष्ट आहे ही. प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत, अभ्यासक्रमाची पुस्तिका, विद्यापीठाचे पत्र, सगळे जमवेपर्यंत भरती निघून गेली. जामीनदार शोधण्यातच काहींचे तीन महिने जातात. शेतमजुराच्या मुलासाठी मालमत्तेची हमी कोण देतो? मागे एका मुलासाठी गावच्या निवृत्त मास्तरांनी सही केली, तेही बायकोशी भांडून.

आणि बीड जिल्ह्यातली एक मुलगी. आई-वडील ऊसतोड करतात, तिचे बालपण कोपीत गेले. तिने संशोधनाचा विषय लिहून आणला होता, ऊसतोड कामगार बायकांचे आरोग्य आणि जात. आठ पाने, स्वतःच्या अक्षरात. इतका चांगला प्रस्ताव मी विद्यापीठात असतानाही पाहिला नव्हता. मी तो वाचला आणि तिला सांगितले, "विषय बदल, हा बसणार नाही." ती म्हणाली, "ताई, मग मी दुसऱ्या कुणाचं लिहू?" मी तिला एक तुलनात्मक, कोणाला न टोचणारा विषय सुचवला. दोन रविवार बसून आम्ही तो लिहिला. अर्ज गेला आणि निवड झाली नाही.

नियम माझा नव्हता, पण तो तिला माझ्या तोंडून ऐकावा लागला. आज ती इथल्याच एका विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय पीएचडी करते, सकाळी खासगी शिकवण्या घेऊन. विषय तिने पहिलाच ठेवला आहे. मागच्या महिन्यात फोन आला तेव्हा ती बारामतीच्या फडावर मुलाखती घेत होती आणि टेपरेकॉर्डरसाठी कुठे स्वस्त बॅटऱ्या मिळतील, ते विचारत होती.